हातभर श्वास

आमचे हे श्वास घेणार म्हणजे साऱ्या चाळीला कळायचं. नाकातून असा जोरात ओढायचे, की पलीकडच्या खोलीतली मोतीबाई भिंतीआडून विचारायची, "काय गं आवडे, हिरामणभाऊ जेवायला बसले वाटतं?" आणि खरंच बसलेले असायचे. पहिल्या घासाआधी एक श्वास, बादली उचलण्याआधी एक, चपलेत पाय घालायच्या आधीसुद्धा एक. मी म्हणायची, अहो, चप्पल आहे ती, माथेरानचा डोंगर नाही. त्यावर हसायचेही नाहीत. बोलणं कमी आणि श्वास मोठा, असा माणूस.

ही खोड व्हायोलिनची. सासरे भायखळ्याला रेल्वेच्या कारखान्यात होते, तिथल्या बँडच्या गोवेकर मास्तरांनी ह्यांना लहानपणी शिकवलं. पुढे हे सिनेमाच्या गाण्यांत वाजवायला लागले. गाण्यामागे व्हायोलिनची रांगच्या रांग वाजते ना, त्या रांगेतल्या एका खुर्चीवर माझा नवरा. पोट त्यावर चालायचं. पण जीव होता तो रविवारच्या वाजवण्यात. रविवारी आमच्या खोलीत चौघं जमायचे. हे, गोव्याचे दोघे भाऊ आणि एक म्हातारा पारशी. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, आणि एक भलामोठा चेलो, जो आत आणायला मला पलंग उभा करावा लागायचा. वाजवायचे ते हायडन नावाच्या कुणा ऑस्ट्रियातल्या माणसाचं, दोनशे वर्षांपूर्वीचं. गायला कुणी नाही, तबला नाही, समोर उभं राहून हात हलवणारा नाही. मग चौघांनी एकदम सुरू कसं करायचं? तर ह्यांनी श्वास घ्यायचा. श्वास संपला की चारही गज एकाच वेळी तारांवर. श्वास लांब असला तर चाल संथ, तोडका असला तर पळती. एवढ्यावर सगळा कारभार.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या श्वासापायी झालं. मला सूरबीर काही कळत नाहीत. अजूनही नाही.

त्या वर्षी चौघांनी ठरवलं, आपलं वाजवणं एकदा टेपवर घ्यायचं. पारशीबाबा म्हणाले, मी मरायच्या आत घ्या. स्टुडिओ कोण देणार फुकट? मग ह्यांनी आमचं गाव काढलं, नेरळजवळचं पोशीर. मे महिन्यात शाळा बंद, कौलारू इमारत, आवाज म्हणाल तर माणसाचा नाही. आणि टेप घ्यायला कोंडाजी. कोंडाजी नेरळचा पोरगा, ह्यांच्याच स्टुडिओत आवाजाच्या मशीनवर होता, ह्यांना दादा म्हणायचा, मला वहिनी. बॅटरीवर चालणारं एक मशीन तो कुणाकुणाच्या हातापाया पडून घेऊन आला. टेप म्हणजे तपकिरी चकाकती पट्टी, बोटाएवढी सुद्धा रुंद नाही, चकतीला गुंडाळलेली.

शाळेच्या भिंतींवरून आवाज उलटा येतो म्हणून कोंडाजीने मला गोधड्या मागितल्या. मी सगळी बुद्धवाडी पालथी घातली आणि घराघरातल्या गोधड्या आणून खिडक्यांना, फळ्याला, दाराला टांगल्या. सासूबाई, धोंडूबाई, दारात कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांना हे सगळं पहिल्यापासून पसंत नव्हतं. आमच्या आजेसासऱ्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून वाजवलं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा त्यांनी सनई नदीत टाकली आणि घरात पुन्हा बाजा नको म्हणून सांगितलं.

"बाजा सोडला तवा मानसं झालो आमी," त्या म्हणाल्या. "आन् ह्यो पुन्ना बाजाच घेऊन आला गावात."

हे म्हणाले, "आई, हा खुर्चीवर बसून वाजवायचा आहे. आणि लोकांनी गप बसून ऐकायचं."

"खुर्चीवर?"

"खुर्चीवर."

मग सासूबाईंनी स्वतः जाऊन पंचायतीतल्या चार खुर्च्या पदराने पुसल्या.

आता पोशीर शांत खरं, पण मे महिन्यात कोकिळा असते हे कुणाच्या लक्षात आलं होतं? हे श्वास घेणार, गज पडणार, चार ओळी होणार, की शाळेमागच्या आंब्यावर ती सुरू. कोंडाजी कपाळावर हात मारून मशीन बंद करायचा. शेवटी माझे थोरले दीर धाऊभावजी, त्यांना काठी घेऊन आंब्याखाली बसवलं. पाखरू ओरडलं की हाकलायचं. ते इतक्या मनापासून "हाड!" म्हणून ओरडायचे, की टेपवर कोकिळेऐवजी भावजी यायला लागले. सगळे हसून हसून बेजार. पारशीबाबांच्या डोळ्यांतून पाणी. मी पण हसले. मला आठवतंय, कारण त्यानंतर बरेच दिवस हसले नाही.

कोंडाजीची दुसरी तक्रार ह्यांच्या श्वासाची. "दादा, श्वास येतोय टेपवर. अगदी मोठ्ठा. जरा हळू घ्या ना."

"हळू घेतला तर ही तिघं उठतील कशी?" हे म्हणाले. "त्यांना काय मी हाका मारू?"

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"मी वीस वर्षं सांगत्ये," मी म्हटलं. "तुझं काय ऐकणार?"

दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी कोंडाजीला विचारलं, अरे, एवढ्याशा पट्टीत श्वास दिसतो कुठे तुला? त्याने चकती हाताने मागेपुढे फिरवली, मशीनमधून गुरगुर आली, आणि एका जागी पट्टीवर पेन्सिलीने खूण केली, मग पुढे दुसरी. पट्टी माझ्या हातावर धरली. कोपरापासून बोटांपर्यंत. "हा बघा, वहिनी. हा एवढा दादांचा एक श्वास. इथून इथवर." मी हात तसाच धरून राहिले. ह्यांना हाक मारली, "अहो, या इकडे, तुमचा श्वास हातभर आहे बघा." हे घोरत होते.

जुलैत हे गेले.

मी लावणीसाठी पोशीरला होते. हे मुंबईत, कामावर. सकाळी कुठल्याशा गाण्याचं वाजवणं चाललं होतं, मध्ये चहाची सुट्टी झाली, सगळे उठले, हे उठलेच नाहीत. खुर्चीवरच. जवळ कुणी नव्हतं. कोंडाजी काचेपलीकडे होता, त्याला वाटलं दादांना डुलकी लागली. मला निरोप आला तेव्हा मी चिखलात गुडघ्याएवढी उभी, हातात आवणाची जुडी. मी ती जुडी लावून संपवली. खोटं नाही सांगत. उरलेली रोपं एकेक करून लावली आणि मगच बांधावर आले. बायका बघत राहिल्या. मी पोचले तोवर ह्यांना चादर घातलेली होती.

मला रडू आलं नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही. त्याच शाळेत कार्यक्रम झाला, त्याच गोधड्यांवर माणसं बसली, भंतेजी बोलले, सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. मी पण म्हटलं. सासूबाई शेजारी बसून माझ्या दंडाला चिमटे काढत होत्या. "रड गं. रड, आवडे. नायतर आतल्या आत कुजशील." दंड काळानिळा झाला. मला चिमटाही लागत नव्हता तर रडू कुठून यायचं? आतून काही नाहीच. भाकरी खाल्ली तर भाकरी, नाही खाल्ली तर नाही. कुणी समजूत घालायला आलं की मनात यायचं, कधी उठते ही बया.

एकच गोष्ट होती. रात्रंदिवस म्हणा, ती एकच. मला ह्यांचा श्वास ऐकायचा होता. ह्यांचा शेवटचा श्वास कुणी ऐकला नाही, मी तर नाहीच नाही. पण टेपवर होते की! एक सोडून कितीतरी होते. फोटोत हे टोपी घालून कुणी भलतेच दिसतात, व्हायोलिन मुक्याने खुंटीला टांगलेलं. श्वास मात्र तिकडे नेरळला कोंडाजीच्या घरात सांभाळून ठेवलेला आहे, एवढ्यावर मी उठत होते आणि कामाला लागत होते. मुंबईची खोली मी तशीच कुलूप लावून ठेवली आणि पोशीरलाच राहिले. कोंडाजी म्हणाला होता, "वहिनी, थोडी कळ काढा. मी टेप नीट जुळवतो, मग घेऊन येतो." जुळवणं म्हणजे काय तर चांगलं चांगलं ठेवायचं, चुकलेलं ब्लेडने कापायचं आणि तुकडे चिकटपट्टीने जोडायचे. स्टुडिओतून सुट्टीच्या दिवशी घरी आला की तो तेच करत बसायचा. मी घाई केली नाही. येईल तेव्हा येईल, आहे ना, मग झालं.

भाद्रपद सरला आणि भाताच्या लोंब्या भरायला लागल्या. भरल्या की पाखरं आलीच, थवेच्या थवे. एक दिवस धाऊभावजी बाजाराला नेरळला गेले आणि येताना पिशवी भरून टेपच्या पट्ट्या घेऊन आले. कोंडाजीकडे कापलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला होता, चुलीत घालणार होता, तर भावजी म्हणाले मला दे. ते खुंट्या ठोकून खाचरावर पट्ट्या ताणायला लागले. उन्हात चकाकतात, वाऱ्यावर घुमतात, पाखरू जवळ येत नाही.

"लय बेस काम झालं गं, आवडे," भावजी खूष. "बुजगावन्याला बी आयकत नव्हती रांडची. ह्याला भ्यात्यात."

मी पण बांधल्या. चार खुंट्यांमधल्या मी बांधल्या, गाठी मारून, तुटक्या जोडून. दुपारी वारा सुटला की सगळं खाचर भुणभुणायचं. मला तर त्या आवाजाची चीड यायची. डोक्यात जायचा. एकदा मी भावजींना म्हटलंसुद्धा, काढा मेल्या त्या पट्ट्या, जीव नको करतात. त्यांनी ऐकलं नाही, बरं झालं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी कोंडाजी आला. बरोबर मशीन, आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. घरात माणसं जमली. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांना मशीनच्या अगदी पुढ्यात बसवलं. मी दाराच्या चौकटीला टेकून बसले. कोंडाजी म्हणाला, "वहिनी, दादांचं शेवटचं काम आहे. मी त्यात एक डाग राहू दिला नाही." आणि चकती फिरायला लागली.

काही नाही, काही नाही, आणि एकदम चारही वाद्यं.

मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. निसटला. पहिला भाग संपेस्तोवर मी गप राहिले. दुसरा भाग संथ होता, त्याच्या आधी तर ह्यांचा श्वास चांगला लांबलचक असायचा, चाळीत पोरंसुद्धा नक्कल करायची त्याची. मी कान लावून बसले. काही नाही. आणि एकदम वाद्यं. आकाशातून पडल्यासारखी. तिसऱ्याला तेच.

"थांब," मी म्हटलं. "कोंडाजी, श्वास कुठाय?"

त्याचा चेहरा फुलला. "काढला, वहिनी! सगळे काढले. आधीचा, मधला, एकूण एक. फार अवघड काम होतं, एका ठिकाणी तर सुराला इतका चिकटून होता की माझा पूर्ण रविवार गेला. पण आता कुणी म्हणणार नाही की हे शाळेत घेतलंय. म्हटलं, दादांचं नाव लागणार, स्वच्छ झालं पाहिजे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काही झालं, आणि झालं ते हे.

"कुणाला विचारून?" मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याचा श्वास तू कुणाला विचारून कापलास रे? सूर होते ना तिघांचेही, चौघांचेही? ते कापायचे होतेस! त्या सुरांना घेऊन मी काय करू? मला सूर कळतात? मी बसल्ये कशासाठी इथे इतके महिने?"

कोंडाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, मी तर... चांगलं व्हावं म्हणून..."

"फेकलेस कुठे?"

त्याने हळूच धाऊभावजींकडे पाहिलं. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मग त्यांनी मान वळवून दारातून बाहेर, खाचराकडे.

खरं सांगते, त्या क्षणी मला काय वाटलं, तर त्या गाठी मी कशा मारल्या होत्या ते हातांना आठवलं. घट्ट, दुहेरी. तुटू नये म्हणून.

कुणी काही म्हणायच्या आत भावजी उठून चालायला लागले. आम्ही मागोमाग. भात पिवळं होत आलेलं, आणखी आठवड्याभराने कापणी. भावजींनी पहिली पट्टी सोडली, हलक्या हाताने, नखाने गाठ उकलून. मग दुसरी. पट्ट्या निघत गेल्या तशी पाखरं उतरायला लागली. आधी कडेला, मग बिनधास्त मधोमध. वर्षाचं पीक होतं ते. मी भावजींना म्हटलं, अर्ध्या सोडू या का. ते खाली मान घालून गाठ सोडत राहिले. सासूबाई बांधावरून ओरडल्या, "खाऊ द्या पाखरांना! येक न येक काढा!"

घरी चटईवर ढीग घातला. ऊन-पाण्याने काही पट्ट्या पांढुरक्या झालेल्या, काही चुरगळलेल्या, कुठे विष्ठा वाळलेली. कोंडाजीने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मलमलीच्या फडक्याने एकेक पट्टी पुसायला लागला. तो रडत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला ते जमत नाही याचाच राग येत होता. पुसलेली पट्टी मी माझ्या हातावर धरायची, हातभर भरली तर बाजूला ठेवायची. तो जोडत गेला. सुलटी कुठली, उलटी कुठली, कसं कळणार? पट्टीला दोन टोकं, दोन्ही सारखी.

उन्हं कलली तेव्हा त्याने ते जोडकाम मशीनवर चढवलं.

आधी नुसती खरखर. मग खुर्ची करकरली. कागद उलटला. मग कोंडाजीचाच आवाज, "चालू." मग लांबून, "हाड!" भावजी दचकलेच. कुणी हसलं नाही. पुन्हा खरखर, बराच वेळ. काही पट्ट्यांवर काही उरलंच नव्हतं, उन्हाने खाल्लं होतं. कोंडाजी माझ्याकडे बघायचं टाळत होता. चकती जवळजवळ संपत आली.

आणि आला.

ह्यांचाच. नाकातला, मोठा. मी कुठेही ओळखला असता. पण हा ओढलेला नव्हता. आधी जोरात, मग हलका, मग आणखी हलका, आणि मग गेला. वीस वर्षांत ह्यांना श्वास घेताना मी ऐकलं होतं. सोडताना कधी ऐकलंच नव्हतं. तो सोडायचे तेव्हा वाद्यं वाजत असायची.

कोंडाजीने झटकन मशीन थांबवलं. "उलटा जोडला गेला, वहिनी. थांबा, कापून फिरवतो, एक मिनिट..."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "तसाच राहू दे."

"पण उलटा आहे तो."

"कळतंय मला. परत लाव. तसाच."

त्याने चकती मागे फिरवली आणि परत लावला. आधी जोरात, मग हलका, मग गेला.

सासूबाई मशीनला कान लावून बसल्या होत्या, तरी त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. माझा दंड धरून म्हणाल्या, "काय गं? काय झालं? काय वाजलं?"

"काही नाही, आई," मी म्हटलं. "सोडला त्यांनी. मी होते जवळ."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दंड सोडला. ह्या वेळी चिमटा काढायची गरज नव्हती.